वरपक्षाची हरकत

लग्न हे सात जन्मांचं बंधन असतं, हे आम्हाला मान्य आहे. आमचा मुद्दा पहिल्या जन्माच्या पहिल्या दुपारचा आहे. पंगतीत गरम जिलबी आधी कोणाच्या पानात पडणार?

समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता द्यावी की नाही, यावर या देशात बोलायचं काही राहिलेलं नाही. संस्कृती झाली, निसर्ग झाला, घटना झाली, परदेशी थेरं झाली. वरपक्षाचं काय, एवढं मात्र कोणी विचारलं नाही. प्रस्तुत लेखक दोन मुलग्यांचा बाप आहे. थोरल्याच्या लग्नात मानपान यथास्थित वसूल झाला, धाकटा अजून बिनलग्नाचा आहे. सबब समस्त वरपक्षाच्या वतीने ही हरकत नोंदवणं आम्हाला भाग आहे.

सरकारला निदान धोक्याची चाहूल लागली होती. सर्वोच्च न्यायालयात १८ एप्रिल २०२३ पासून पाच न्यायमूर्तींसमोर दहा दिवस सुनावणी चालली. ती घरबसल्या बघायची सोय होती, आणि निवृत्त माणसाला दुसरं काय काम? सरकारतर्फे सॉलिसिटर जनरल तुषार मेहता उभे राहिले आणि त्यांनी नेमकं विचारलं, अशा लग्नात बायको कोण? आम्ही खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. आतून आवाज आला, "टाळ्या झाल्या असतील तर ताटं घ्या." आमच्या घरी त्या प्रश्नाचं उत्तर बरंच आधी ठरलेलं आहे.

मेहतांचं म्हणणं असं की विशेष विवाह कायदा १९५४ सालचा, त्यात नवऱ्याचं वय २१ आणि बायकोचं १८. दोघेही नवरे निघाले तर पोटगी कोणी कोणाला द्यायची? त्यातला एक गेला तर विधवा कोण? निरनिराळ्या कायद्यांतल्या तब्बल १६० तरतुदी अशा लग्नाने कोलमडतील, असं सरकारने सांगितलं. विशेष म्हणजे अर्जदारांपैकी कोणीही आपल्या घरी ही अडचण येते अशी तक्रार केली नव्हती. पण आमचा आक्षेप निराळा आहे. यादी अपुरी आहे. एकशेएकसष्टावी बाब कानपिळीची.

कानपिळीत वधूचा भाऊ वराचा कान पिळतो आणि वराकडून वस्त्र घेतो. दोन वर म्हटलं की कान चार. पिळणारे दोन्हीकडे, देणारेही दोन्हीकडे. हे एक वेळ भागेल. सीमांतपूजनाचं काय? तिथे मुलीकडच्यांनी वराचे पाय धुवायचे असतात. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. चौरंगावर इकडचा मुलगा पाय पुढे करून बसलाय, समोरच्या चौरंगावर तिकडचा मुलगा पाय पुढे करून बसलाय, मध्ये तांब्या, आणि गुरुजी घड्याळाकडे बघताहेत.

दोन वरमाया एका मांडवात, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. वरमाय रुसते, मग वधूची आई तिची समजूत काढते, साडी बदलून देते, डोळे पुसते आणि कार्य पुढे सरकतं. हे यंत्र शेकडो वर्षं बिनतक्रार चाललंय. इथे मात्र समजूत काढायला गेलेली बाई स्वतःच रुसून बसलेली! दुपारी कार्यालयाचा मॅनेजर बिल घेऊन येतो, तेव्हा आमच्याकडचे लोक बोटाने तिकडे दाखवतात आणि तिकडचे इकडे. दीड लाख भाडं, वर वीज आणि सफाई वेगळी. बिल मॅनेजरच्याच हातात राहतं.

दोन मुलींचं लग्न असेल तर? उलटी आपत्ती. दोन्हीकडचे बाप हात जोडून उभे. "काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या" असं हा म्हणतो, की लगेच तोही म्हणतो. दोघेही आधी जेवायला बसायला तयार नाहीत. जिलबी गार होते. कन्यादानं दोन, घेणारा एकही नाही. आणि ती पत्रिका! एका ओळीत चि. आणि पुढच्या ओळीत चि. सौ. कां., असा साचा छापखान्यात पिढ्यान् पिढ्या तयार असतो. दोन्ही चि. आले की कोणाचं नाव वर, यावरून पहिलं भांडण, दोन्ही चि. सौ. कां. आल्या की हे सौभाग्य कोणामुळे, यावरून आत्या लोकांचं दुसरं.

हुंड्याचा विषय आम्ही काढत नाही. १९६१ पासून त्याला कायद्याने बंदी आहे आणि तेव्हापासून तो कोणीच घेतलेला नाही. "आमचं काही मागणं नाही, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते तुम्ही द्याल" हे फक्त एक वाक्य आहे. पण हे वाक्य समोरच्याला मुलगी असल्याशिवाय म्हणताच येत नाही, हे कायदेमंडळाने ध्यानात घ्यावं.

आमच्या बाजूने मोठमोठी मंडळी उतरली. सुनावणी चालू असतानाच बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठराव केला आणि देशातल्या ९९.९ टक्क्यांहून जास्त लोकांचा अशा लग्नाला विरोध आहे, असं सांगून टाकलं. एवढा नेमका आकडा एरवी जंतू मारणाऱ्या साबणाच्या जाहिरातीतच भेटतो. तरी आम्ही वहीत हिशेब मांडून पाहिला. लोकसंख्या १४० कोटी धरली तर उरलेला ०.१ टक्का म्हणजे १४ लाख. इकडे केंद्र सरकारनेच २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाला देशात सुमारे २५ लाख समलिंगी पुरुष असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे निदान ११ लाख समलिंगी पुरुषही आमच्याच बाजूचे आहेत. स्त्रिया धरल्या तर आमचा पाठिंबा आणखी वाढतो. या मंडळींनी आजवर तसं बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा संकोच.

सरकारचं आणखी एक म्हणणं आम्हाला फार आवडलं, की ही मागणी शहरी उच्चभ्रू लोकांची आहे. गावाकडच्या माणसाला हे शिवलेलं नाही. आता १९८७ साली भोपाळच्या दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींना हार घातले होते, ही गोष्ट खरी. शिपायाच्या पगारात उच्चभ्रू कसं होता येतं, हे त्यांना विचारायला हवं होतं. पण खात्याने दोघींनाही नोकरीवरूनच काढलं, त्यामुळे पगाराचा प्रश्न राहिला नाही. नेपाळात नोव्हेंबर २०२३ मध्ये असं पहिलं लग्न सरकारदरबारी नोंदलं गेलं. कागदोपत्री दोघेही पुरुष. नोंद झाली ती काठमांडूत नव्हे, लमजुंग जिल्ह्यातल्या एका गाउँपालिकेत. ज्या देशाकडे बोट दाखवून आपण "ते बघा हिंदू राष्ट्र" म्हणायचो, त्याच देशातलं हे डोंगराळ खेडं उच्चभ्रू निघावं, याचा आम्हाला धक्का बसला.

आपल्याकडचा निकाल त्याआधीच, १७ ऑक्टोबर २०२३ ला लागला होता. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. आम्ही पेढे मागवले. मग बातमी पुरती वाचली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल या दोघांनी अशा जोडप्यांच्या सहजीवनाला राज्याने मान्यता द्यावी, असं लिहिलं होतं. उरलेल्या तिघांनी नाही म्हटलं, म्हणून आम्ही वाचलो. चंद्रचूड घराणं मूळ पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. आपल्या मातीतला माणूस, आणि निकालपत्रात लिहितो काय, तर समलिंगी माणूस म्हणजे इंग्रजी बोलणारा पांढरपेशाच असतो असं नव्हे, शेतात राबणारी बाईही असू शकते! शेतातल्या बाईला नवरा असतो. तो बांधावर बसलेला असतो. एवढं तरी त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. हा विषय संसदेचा, असं न्यायालयाने सांगितलंच होतं. दोन न्यायाधीशांनी बसून असे निर्णय घ्यायचे नसतात, असं सुशील मोदी राज्यसभेत डिसेंबर २०२२ मध्ये म्हणाले होते. पाच बसले आणि त्यांनीही घेतला नाही, तेव्हा तोही प्रश्न सुटला. संसदेत मात्र आमची झोप उडवणारं एक प्रकरण पडून होतं. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०२२ च्या एप्रिलमध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक मांडलं होतं. बारामतीकडून काही आलं की आम्ही आधी घाबरतो आणि मग चौकशी करतो. चौकशीअंती समजलं, स्वातंत्र्यानंतर फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि शेवटचा १९७० साली. रात्री छान झोप लागली.

तरीही काही वाचक आम्हाला पत्रांतून इतिहास शिकवतात. मुलींचं संमतिवय दहावरून बारावर न्यायचा कायदा १८९१ साली आला, तेव्हा पुण्यात काय गदारोळ झाला ते आठवा, म्हणतात. धर्म बुडाला, अशी तेव्हा ओरड होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकाच बायकोवर भागवायला लावलं, तेव्हाही तो बुडाला. मान्य. आपला धर्म इतक्या वेळा बुडून वर आलाय की एव्हाना त्याला पट्टीचं पोहता येत असणार. पण म्हणून ढकलायचंच का?

एकाने तर धोंडो केशव कर्व्यांचं उदाहरण दिलं. कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. १९५८ साली भारतरत्न दिलं, शंभराव्या वाढदिवशी टपालाचं तिकीटही काढलं. तो वाढदिवस १८ एप्रिलचा. सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी नेमकी याच तारखेला सुरू व्हावी, यात कोणाचा तरी हात असावा असा आम्हाला संशय आहे. असो. या उदाहरणातून आम्ही एवढंच घेतलं की आपल्याकडे बहिष्कार आणि टपाल तिकीट यांच्यात ६५ वर्षांचं अंतर असतं. २०२३ मध्ये ६५ मिळवा. अर्जदारांनी २०८८ पर्यंत धीर धरावा. तोवर टपालखातं राहिलं तर तिकीट निघेलच.

इथवर सगळं ठीक होतं. मग सरकारनेच दगा दिला.

या जोडप्यांच्या अडचणी बघू, असं सरकारने कोर्टात कबूल केलं होतं. आम्ही ते फारसं मनावर घेतलं नव्हतं, कारण समिती नेमण्याचा अर्थ आम्हाला कळतो. एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली ती नेमली गेली. आणि चारच महिन्यांत तिच्यातून काहीतरी बाहेर पडलं! सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला जाहीर झालं की अशी जोडपी शिधापत्रिकेसाठी एकाच घरातली मानावीत. बँकेत त्यांना एकत्र खातं उघडता येईल, एकाला दुसऱ्याचं नाव नॉमिनी म्हणून लावता येईल. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील, तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असं आरोग्य खात्याने राज्यांना कळवलं.

ही यादी आम्ही दोनदा वाचली. तांदूळ एकत्र, पैसा एकत्र, आणि एक मेला की दुसऱ्याने खांदा द्यायचा. आमच्या ३८ वर्षांच्या संसारात याहून वेगळं फारसं काही झालेलं नाही. फक्त ते जिवंत असतील तोवर हे लग्न नाही, आणि मेल्यावरही आधी सख्खे येतात का ते बघायचं. ज्या सख्ख्यांनी पोराला घराबाहेर काढलं, ते नेमके त्या दिवशी उपलब्ध होतात, असा अनुभव ऐकिवात आहे. फ्लॅटची कागदपत्रं कपाटात असली तर जरा लवकरच होतात.

पण आमचं दुःख शिधापत्रिकेचं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई ही कुटुंबप्रमुख ठरते. नवऱ्यांचा हा अपमान आम्ही तेव्हापासून मुकाट सोसतो आहोत. बाईच नसेल तर काय करायचं, हेही त्यात लिहिलंय. तेव्हा तहसील कचेरीत पुरवठा विभागाच्या खिडकीवर काय होणार, ते आम्हाला आत्ताच दिसतं. आतला कारकून मान वर करणार नाही.

"घरात बाई?"

"नाही. आम्ही दोघंच."

"दोघांत मोठा कोण?"

"मी. चार महिन्यांनी."

"मग तुम्ही प्रमुख. हे कोण? भाऊ?"

"नाही."

"भाडेकरू असेल तर वेगळं कार्ड लागतं."

"भाडेकरू नाहीत. साहेब, ते परिपत्रक आलंय ना..."

"परिपत्रकं रोज येतात. नात्याच्या रकान्यात काय लिहू ते सांगा. पत्नी, मुलगा, मुलगी, सून, इतर."

मागून कोणीतरी ओरडतं की जेवणाची सुट्टी व्हायच्या आत आमचाही नंबर लागू द्या. खिडकीतले दोघं एकमेकांकडे बघतात. त्यातला धाकटा, म्हणजे चार महिन्यांनी धाकटा, काही बोलायला तोंड उघडतो.

"इतर लिहितो," कारकून म्हणतो. "आधारची झेरॉक्स दोघांची लागेल. समोरच्या टपरीवर मिळते. परत आलात की पुन्हा रांगेत नका उभे राहू, बाजूने या."