मोजता न येणारे अण्णा

साठीनंतर इंग्रजी शिकायला घेणारा आणि त्याचा ताप शेजाऱ्यांना देणारा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतोच. आमच्याकडे तो मान अण्णांचा. नातवाच्या शाळेत इंग्रजीशिवाय पान हलत नाही म्हणून त्यांनी अप्पा बळवंत चौकातून ऑक्सफर्डची जाडजूड लर्नर्स डिक्शनरी आणली. जपानात शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी या इंग्रज मास्तरांनी परक्या विद्यार्थ्यांसाठी रचलेला हा कोश १९४२ साली पहिल्यांदा छापला गेला तोही टोकियोत. त्यात नामापुढे 'सी' असेल तर ते मोजता येतं, 'यू' असेल तर येत नाही. हॉर्नबींनी खुणा केल्या सोयीसाठी. अण्णांनी त्यांचं हत्यार केलं.

पुणे स्टेशनवर एक तरुण हमालाला म्हणाला, "माझी दोन लगेजेस आहेत." अण्णांनी बोट रोखलं, "यू!"

"मी? मी काय केलं?" तो दचकला. लगेज मोजता येत नाही हे त्याला पटेपर्यंत आमची गाडी गेली.

सूनबाई 'फर्निचर्स' म्हणाल्या, "यू!" डॉक्टरांनी दोन 'अ‍ॅडव्हाइसेस' दिल्या, "यू!" डॉक्टरांनी बीपी पुन्हा मोजलं.

कळस झाला वार्षिक सभेत. रंगकामाच्या फंडात मनी किती उरला, असं कुणीतरी विचारलं. अण्णा ताडकन उठले, "यू! मनी मोजता येत नाही. पान काढून दाखवतो!"

"आता ऑक्सफर्डच म्हणतंय म्हटल्यावर..." खजिनदारांनी हात जोडले आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

एवढं असूनही या माणसावर धड चिडता येत नाही, कारण संध्याकाळी जिन्यात वॉचमनची दहावीतली मुलगी येऊन बसते. घरातला एकुलता मोबाइल बापाबरोबर ड्यूटीवर असतो. ती शब्द विचारते, अण्णा अर्थ सांगत नाहीत. कोश तिच्या मांडीवर ठेवतात.

"पानाच्या डोक्यावरचे दोन शब्द बघ. आपला त्यांच्यामध्ये बसतो? नाही ना? मग चल पुढे."

सापडला तरी सुटका नाही. "पहिला अर्थ म्हणजे दार उघडायला आलेला माणूस. तोच घरमालक असेल असं नाही. खालचे अर्थ बघ, उदाहरण वाच."

ती चुकते, 'क्यू'च्या पुढे 'पी' शोधते, घाईत पान टरकावते. अण्णा खिशातून चिकटपट्टी काढतात. बोट मात्र वर जात नाही.

"आजोबा, होमवर्क?" तिने एकदा विचारलं.

"यू."

"तरीच संपत नाही!"

अण्णा खो खो हसले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं.

आता सोसायटीची निवडणूक आली आहे. अंतर्गत हिशेब तपासनीस म्हणून अण्णांचं नाव पुढे आलंय. सूचक अर्थातच खजिनदार.