एका बादलीची गाडी

१८ मे २०२३ पासून पुण्यात दर गुरुवारी नळ कोरडे राहू लागले, आणि आमच्या येरवड्यातल्या सोसायटीत धुळीला एकदम प्रतिष्ठा आली. तोवर मळकी गाडी म्हणजे आळशी मालक असा साधा हिशोब होता. आता मळकी गाडी म्हणजे जबाबदार नागरिक. पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या पिठाच्या गिरणीतून नुकत्याच बाहेर पडल्यासारख्या उभ्या असत. त्यांत एखादी लख्ख निघाली, की एकादशीला मिसळीची ढेकर देणाऱ्याकडे पाहावं तसं लोक तिच्याकडे पाहत. दुर्दैवानं एका सकाळी ती गाडी माझी होती.

भाचीच्या लग्नाला जायचं होतं. वरमाय उतरणार त्या गाडीच्या काचेवर कुणीतरी बोटानं ‘धुवा’ असं लिहिलेलं चालत नाही. म्हणून पहाटे साडेपाचला, चपला हातात घेऊन, मी एक बादली खाली नेली. मुद्दाम प्लास्टिकची, लोखंडीची कडी वाजते. समोरच्या पर्जन्यवृक्षावरचे कावळेही अजून झोपेत होते. फडकं पिळताना पाण्याची धार बादलीत पडली, तो आवाज मला खडकवासला धरणाचे दरवाजे उघडल्यासारखा वाटला. आयुष्यात मी काहीच चोरलेलं नाही, पण चोराचे पाय कसे पडत असतील ते त्या पहाटे कळलं. तेही कुठे, तर येरवड्यात! तुरुंगाची भिंत आमच्यापासून फार लांब नाही. १९३० साली गांधीजी तिथे होते. त्या जागेला ते ‘येरवडा मंदिर’ म्हणत, आणि दर मंगळवारी आश्रमाला व्रतांविषयी एकेक पत्र धाडत. त्यातलं एक पत्र अस्तेयावर आहे. गरज नसताना एखादी वस्तू घेणं हीदेखील चोरीच, असा त्याचा आशय. बॉनेटवर फडकं फिरवता फिरवता मी त्यावर विचार केला आणि बॉनेटचा डावा भाग कोरडाच ठेवून दिला.

पुणेकराला पाण्याचा अपराध जरा जास्तच बोचतो, कारण तो रोज सकाळी चहाबरोबर धरणं वाचतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चौघांची मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी. घरातल्या मुलांचे मार्क पाठ नसतात, पण पानशेत किती टक्के भरलं ते पाठ असतं. एकदा मी उगाच गणित मांडून पाहिलं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. वीस लिटरच्या बादलीनं मोजलं, तर एकशे एक्केचाळीस कोटींहून थोड्या जास्त बादल्या. म्हणजे एका टीएमसीत देशातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या वाट्याला एक बादली येते. तेव्हापासून मी गाडी धुवायला घेतली की वाटतं, ही बादली माझीच आहे ना, की चुकून मणिपूरच्या कुणा आजींची उचलली? नळाला पाइप लावणाऱ्याला असले प्रश्न पडत नाहीत. पाइपमधून दहा मिनिटांत शंभर-दीडशे लिटर सहज वाहतं. पाच-सात आजींचं पाणी तो मडगार्डवर उडवतो, आणि वर शीळही घालतो.

एका बादलीत गाडी धुणं मला बाबांनी शिकवलं. त्यांच्याकडे गाडी कधीच नव्हती. होती ती सायकल. बाहत्तरच्या दुष्काळानं त्यांना जन्मभराची एक खोड लावली होती. ते घमेल्यात उभे राहून आंघोळ करत, आणि घमेल्यातलं पाणी भोपळ्याच्या वेलाला घालत. आमच्या भोपळ्याच्या भाजीला लाइफबॉयचा वास येतो असं आई म्हणायची. रविवारी सायकलची पाळी. एक तांब्या, आणि फडकं म्हणून त्यांचाच विरलेला बनियन. “कोरडं फडकं फिरवायचं नाही बरं का,” ते सांगत, “धुळीचा कण म्हणजे पॉलिशपेपर. आधी भिजव, मग उचल.” उचल म्हणत, पूस नाही, जणू धूळ हे झोपलेलं मूल होतं. उन्हात धुवायचं नाही, थेंब जागीच वाळून डाग धरतात. भांड्यांचा साबण नको, तो चकाकीच खातो. आणि सुरुवात डोक्यापासून, पाय शेवटी. आज गाड्यांच्या शाम्पूच्या बाटलीवर हेच सगळं बारीक अक्षरात छापलेलं असतं. मी एक छोटी बादली वाढवली आहे, फडकं खळबळायला. नाहीतर टपावरची वाळू पुन्हा दारावर घासली जाते. बोअरचं पाणी मी एकदा वापरून पाहिलं. क्षारांचे पांढरे ठिपके उठले आणि गाडी देवी आल्यासारखी दिसू लागली.

त्या पहाटे टप झाला, काचा झाल्या, दारं झाली. मागे वळून पाहतो तर वॉचमनकाका स्टुलावर बसून केव्हापासून बघत होते. मी बादली पायामागे सरकवली. ते उठले, बादलीत डोकावले. तळाशी चार बोटं पाणी उरलं होतं, चहाच्या रंगाचं. साबण घातला नव्हता. “साहेब, हे टाकू नका,” ते म्हणाले आणि बादली उचलून फाटकाजवळच्या जास्वंदीकडे गेले. बाबा असते तर त्यांचं आणि काकांचं चांगलं जमलं असतं.

कधी जेल रोडच्या बाजूला आलात तर माझी गाडी ओळखायला सोपी आहे. टप चकचकीत, काचा स्वच्छ, आणि चारही चाकं मातीनं माखलेली. पाणी तिथवर पुरत नाही.