कपड्यांच्या खानावळीतला मेंबर

पुरुषाच्या नव्या शर्टाचं कौतुक केलं की तो काय उत्तर देतो, ते एकदा कान देऊन ऐकावं. 'हिनं आणला.' 'सासुरवाडीचा आहे.' 'आहेरात पीस आला होता, शिवून टाकला.' फार तर 'सेलमध्ये स्वस्तात मिळाला.' 'मी निवडला' असं छातीठोकपणे सांगणारा मराठी पुरुष विरळाच. बायका साडी घेतात, पुरुषाला शर्ट येतो. वाक्याचा कर्ता शर्ट. आत जो बसवला जातो तो निव्वळ संप्रदान. या व्याकरणात आता एका नव्या वाक्याची भर पडली आहे: 'बॉक्समध्ये आला.' मुंबईत कॉटन ग्रीन स्टेशनातून पश्चिमेला उतरून काळाचौकीकडे चालू लागलं की जुन्या इमारतींच्या डोक्यावरून जे टॉवर डोकावतात, त्यांच्या लिफ्टमध्ये हे वाक्य ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या आवाजात एक माफक अभिमान असतो. (तो 'खोका' म्हणत नाही. 2022 च्या सत्तांतरापासून महाराष्ट्रात तो शब्द चारचौघांत उच्चारायची सोय राहिलेली नाही.) आपण फॅशनच्या बाबतीत स्वतंत्र झालो, अशी त्याची समजूत आहे. माझं म्हणणं असं की तो तसूभरही बदललेला नाही. तो कपडे विकत घेतच नाही. कपड्यांची जबाबदारी दुसऱ्यावर टाकण्याचा हक्क विकत घेतो.

व्यवस्था अशी आहे. एक लांबलचक अर्ज भरायचा, त्यात मापं आणि आवडीनिवडी लिहायच्या. मग एक अनोळखी स्टायलिस्ट आणि एक त्याहून अनोळखी संगणक मिळून कपडे निवडतात आणि घरी पाठवतात. आवडतील ते ठेवायचे, बाकीचे परत. 2011 साली कॅटरिना लेक यांनी सुरू केलेली अमेरिकेतली स्टिच फिक्स 2016 पासून पुरुषांनाही असे बॉक्स पाठवू लागली: पाच कपडे, 20 डॉलर निवडणावळ, काही ठेवलं तर ती बिलातून वजा, पाचही ठेवले तर 25 टक्के सूट. आपल्याकडे अर्चना वालावलकर आणि धिमान शाह यांनी 2013 साली मुंबईत सुरू केलेल्या स्टाइलक्रॅकरने हाच बॉक्स आणला. पण काळाचौकीच्या या गिरणगावाला यात नवीन काय? महिन्याचे पैसे भरायचे आणि समोर येईल ते घ्यायचं, हा करार इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्याला खानावळ म्हणत आणि पैसे भरणाऱ्याला मेंबर. कोकणातून, घाटावरून एकटा आलेला गिरणी कामगार पाळी संपवून पाटावर बसे. ताटात काय पडणार हे खानावळवाली ठरवी. (1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी.) मेंबराकडे निवड नव्हती, पण एक अधिकार होता आणि तो मोलाचा होता: आमटी पातळ आहे असं म्हणण्याचा. बॉक्स मागवणाऱ्या आमच्या पुरुषाला मी मेंबर म्हणतो ते या अर्थानं.

कपड्यांच्या बाबतीत तर हा अधिकार आपल्या पुरुषांनी जन्मापासून भोगला आहे. लहानपणी दिवाळीला एका ताग्यातून तिन्ही भावांचे शर्ट निघत, आणि शिंप्याला सांगितलं जाई, 'वाढत्या अंगाचे शिवा.' त्यामुळे पहिल्या वर्षी शर्टात मुलगा शोधावा लागे आणि तिसऱ्या वर्षी मुलावर शर्ट. पुढे लग्नकार्यं सुरू झाली की आहेर. पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्लॅस्टिकच्या पारदर्शक झाकणाखाली पँटपीस आणि शर्टपीस घडी घालून, टाचण्या टोचून बसवलेले असतात. पुरुषांसाठीचा हाच आपला आद्य बॉक्स. निवडणारी कोणाची तरी मामी, घेणारा कोणाचा तरी मेहुणा, आणि रंग बहुधा असा की सूर्यप्रकाशात तो करडा आणि ट्यूबलाइटखाली शेवाळी. परत पाठवण्याची सोय यातही होती, फक्त परत न पाठवता पुढे पाठवत. काही खोकी चार-चार लग्नं फिरत, आणि शेवटी ज्याच्या हाती टिकत त्याला ती शिवावी लागत. मग दोष शिंप्याचा. 'कापड चांगलं होतं हो, शिंप्यानं वाट लावली.' पन्नास वर्षं या एका वाक्यानं असंख्य पुरुषांची अब्रू राखली. तयार कपडे आले, नाक्यावरच्या शिंप्याचं दुकान मिटलं किंवा त्यानं फक्त पँट आखूड करायचं काम ठेवलं, आणि पुरुष उघड्यावर पडला. अंगावर न शोभणाऱ्या शर्टाला आता जबाबदार कोण? या प्रश्नाला त्याला परवडेल असं उत्तर प्रथम बॉक्सनं दिलं.

हे सगळं कॉटन ग्रीनला घडावं यात एक खास गंमत आहे. या जागेचं नावच मुळी कापसाला हात लावून बघणाऱ्या बाजारावरून पडलेलं. कापसाचा बाजार आधी फोर्टातल्या मोकळ्या मैदानावर, आजच्या हॉर्निमन सर्कलपाशी भरे; 1844 मध्ये तो कुलाब्याला गेला आणि 1920 च्या दशकात इथे शिवडीच्या शेजारी आला. येताना मैदानाचं 'ग्रीन' तेवढं घेऊन आला. 1921 साली स्थापन झालेल्या कापूस व्यापाऱ्यांच्या संघटनेचं कार्यालय अजून इथल्या कॉटन एक्स्चेंजच्या इमारतीत आहे. कापसाचा पारखी चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरतो, ओढतो, तंतू सरळ करतो आणि त्याची लांबी सांगतो. विकणाऱ्याच्या शब्दावर तो विसंबत नाही. त्याच वस्तीत आमचा मेंबर मोबाइलवर अर्ज भरतो आणि कंबरेच्या चौकटीत 34 लिहितो. हा आकडा खरा आहे. फक्त तो लग्नाच्या वेळचा आहे. शिंप्यापुढे असली थाप चालत नसे. तो टेप लावून दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात 'कंबर साडेअडतीस' म्हणे आणि पोऱ्या वहीत लिही. संगणक बिचारा विश्वास ठेवतो. पुढचा प्रश्न शैलीचा असतो, तिथे मेंबर 'बोल्ड' वर खूण करतो. मग जांभळ्या फुलांचा शर्ट येतो. तो आरशासमोर दोन मिनिटं राहतो आणि खोक्यात परत जातो. राहतो तो निळा चेक्स. दुसऱ्या खेपेलाही निळा चेक्स राहतो. यंत्र हुशार असतं, ते शिकतं, आणि पाचव्या बॉक्सपर्यंत त्याला नेमकं कळतं की या गृहस्थाला निळ्या चेक्सचेच शर्ट पाठवायचे. हे ज्ञान घरात पंधरा वर्षं फुकट उपलब्ध होतं.

यावर कोणी म्हणेल, गिरणगावातला माणूस एवढा अडाणी नव्हता. खरं आहे. मांजरपाट कुठला आणि पॉपलिन कुठलं हे तो अंधारात चाचपून सांगे. दिवसातले आठ तास तो कापडातच असे. पण कापड ओळखणं निराळं आणि स्वतःच्या अंगाला काय शोभतं हे ठरवणं निराळं. पहिलं काम त्यानं गिरणीत केलं, दुसरं घरी सोपवलं. मग राजेश खन्नासारखा गुरू शर्ट शिवून घेणारी पोरं? त्यांची निवड राजेश खन्नानं केली होती. तो गिरगावात ठाकूरद्वारला वाढलेला, म्हणजे फार तर निवड शेजारच्या वॉर्डात झाली असं म्हणू. आजचा पंचविशीतला मुलगा स्वतः निवडतो असंही सांगतात. तो स्क्रीनशॉट काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकतो आणि तीन अंगठे वर झाल्याशिवाय ऑर्डर देत नाही. याला स्वतः निवडणं म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही. राहिली वेळेच्या बचतीची गोष्ट. दादर किंवा हिंदमाता कॉटन ग्रीनपासून किती लांब? टॅक्सीनं जाऊन, चार शर्ट अंगाला लावून, एक घेऊन माणूस दोन तासांत परत येतो (पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं नसेल तर). बॉक्सचा अर्ज, वाट पाहणं, घालून बघणं, परतीचं पार्सल आणि पैसे जमा झाले का म्हणून केलेले फोन यांची बेरीज मेंबरानं कधी मांडलेली नाही. अमेरिकेतल्या लोकांनी बहुधा मांडली असावी. स्टिच फिक्सचे 2021 मध्ये 41 लाखांवर असलेले ग्राहक 2024 मध्ये 25 लाखांवर आले, आणि नॉर्डस्ट्रॉमनं घेतलेली ट्रंक क्लब ही मुळात पुरुषांसाठी निघालेली सेवा 2022 साली बंद झाली.

एक आक्षेप मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. नवऱ्याचे, मुलाचे कपडे निवडण्याचं काम आजवर घरातल्या बाईनं केलं, त्याचा पगार सोडाच, पण आभारही कोणी मानले नाहीत. तेच काम आता एक मुलगी स्टायलिस्ट म्हणून करते आणि महिनाअखेर पगार घेते. या बाजूनं पाहिलं तर बॉक्स ही सुधारणा आहे, आणि मेंबर भरतो ती निवडणावळ म्हणजे फार जुन्या उधारीचा पहिला हप्ता आहे. हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण घरातली बाई सुटली का? बॉक्स येतो तेव्हा मेंबर ऑफिसात असतो. ओटीपी सांगून तो घेते आई. रात्री शर्ट घालून तो बाहेरच्या खोलीत येतो, दोन्ही हात जरा लांब धरून उभा राहतो आणि काहीच विचारत नाही. 'खांद्यात उतरतोय' हे बायको सांगते. तिसऱ्या दिवशी परतीचं पार्सल चिकटपट्टी लावून कुरियरवाल्याच्या हाती देते ती पुन्हा आईच. मेंबराच्या वाट्याला येतं ते एकच काम, आणि ते तो मनापासून करतो: 'या बॉक्सवाल्यांना काही कळत नाही' असं लिफ्टमध्ये सांगणं.

तेव्हा असा मेंबर ज्यांच्या घरी असेल त्यांना एवढीच विनंती: तो झोपला की शिवणाच्या डब्यातली टेप काढा, हळूच कंबर मोजा आणि त्याच्या अर्जातला 34 चा आकडा दुरुस्त करून ठेवा.