नव्या नाटकाची निर्धोक शिफारस

नवं नाटक सुचवणं जोखमीचं काम. त्यासाठी आपल्या रसिकांनी जी निर्धोक पद्धत पाडली आहे, तिचा जाहीर गौरव व्हायला हवा. ‘सध्या नवीन काय बघावं?’ असं कुणी विचारलं, की ते ‘चारचौघी’ सुचवतात. नाटक १९९१ चं असलं म्हणून काय झालं? २०२२ मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं, म्हणजे नवीनच.

आजच्या लेखकाची ताजी संहिता असेल, तर मात्र रीतसर चौकशी होते. मालिकेतलं कोण आहे? विनोदी आहे ना? पासची सोय होईल? लेखक कोण, हा प्रश्न त्यात येत नाही, कारण त्याचं नाव जाहिरातीत बुकिंगच्या वेळेहून बारीक छापलेलं असतं. शेवटचा प्रश्न निर्णायक: प्रयोग किती झाले? शंभर झाले नसतील, तर थांबावं. तोवर कुणीतरी बघेलच. ते ‘कुणीतरी’ आपण नसावं, एवढी दक्षता घ्यावी.

नाटककारांनीही थोडं सहकार्य करावं. लिहिलेलं नाटक तीस वर्षं कपाटात ठेवून थेट ‘पुनरुज्जीवित’ म्हणूनच आणावं. शुभारंभाचा प्रयोग रद्द करून सुरुवात शंभराव्यापासून करावी.

नियम सर्वांना सारखा. तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये आलं आणि १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेनेच थांबवलं. सबब, ते शिफारशीस अपात्र.