मांडीतले दोन हिरवे दिवे

हॅलिफॅक्स, इंग्लंड
22 जानेवारी

ती. सौ. आईस,


सगळ्यात आधी खुलासा. तुझ्या सुनेनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काळं कुंकू लावलं नव्हतं. लालच होतं, तूच मागच्या खेपेला डबी भरून दिलेलं. ते काळं मी केलं, आणि तेही मांजराच्या डोळ्यांपायी. फोनवर तू "काहून बाप्पा, तिथं लाल कुंकू भेटत नाही का?" म्हणालीस आणि उत्तर ऐकायच्या आत फोन आजीकडे दिलास. आजीनं फोन कानाला न लावता डोळ्याला लावला, आणि मी पाच मिनिटं तिच्या भुवईशी बोलत बसलो. म्हणून हे कागदावर लिहितो आहे. बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवावं.

झालं असं. संक्रांतीला आठ बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. इथं त्या सुमारास सव्वाचार वाजता सूर्य मावळतो, म्हणजे घड्याळाच्या ज्या वेळेला आपल्या टिळक चौकात माणसं दुपारची झोप काढून नुकती उठतात, त्या वेळेला आमच्याकडे काळोख पडायला लागतो. तुझी सून काळी चंद्रकळा नेसून बसली होती. आमचं मांजर सरपंच (हे नाव आमच्या लेकीनं, सोनीनं ठेवलं, काही न करता सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसतो म्हणून) नखशिखांत काळं आहे. ते नेमकं जाऊन तिच्या मांडीवर बसलं. मी फ्लॅश टाकला. काळ्या साडीवर काळं मांजर अजिबात दिसेना. दिसले ते फक्त मांडीत पेटलेले दोन हिरवे दिवे. तोच फोटो मी उत्साहानं वणीला पाठवला.

आजी म्हणाली, "सूनबाईच्या पोटापाशी काय पेटून राहिलं?" तू लगेच मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायला सांगितलीस. आम्ही काढली. मिरच्याही टाकल्या, तर छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला आणि शेजारचे आजोबा चप्पल न घालता बर्फात येऊन उभे राहिले. दृष्ट कुणाची निघाली माहीत नाही, त्यांना मात्र सर्दी झाली.

मग मी फोटो दुरुस्त करायला बसलो. फोनमधल्या एका अॅपमध्ये लाल डोळा पुसायची सोय होती. मी म्हटलं, लाल काय नि हिरवा काय, डोळाच तो. बोटानं मोठं रिंगण काढलं, सुनेच्या कपाळापासून मांजरापर्यंत. आता गंमत अशी की ते यंत्र लाल, गोल ठिपकाच शोधतं आणि त्यातला लाल रंग काढून तिथं काळपट रंग भरतं. हिरवे डोळे त्याच्या खिजगणतीतही नव्हते. त्याला रिंगणात एकच लाल गोल सापडला. यंत्राच्या हिशेबानं तुझ्या सुनेला तिसरा डोळा होता आणि तेवढाच बिघडला होता. तो त्यानं दुरुस्त केला. मी भैताडासारखा नीट न बघता फोटो पाठवून मोकळा झालो. घरात त्या रात्री तिसरा डोळा खरोखरच उघडला, ते वेगळं.

आता आजीचा प्रश्न, की माणसाचे डोळे फोटोत लाल आणि जनावराचे हिरवे काहून. तिला पंगतीचं उदाहरण देतो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. उजेड त्यावर पडला की दिसतं. आपल्या पंगतीत वाढपी एकदाच येतो. त्या फेरीत पडद्यानं उजेड उचलला तर उचलला, नाही तर गेला. मांजर, कुत्रा, गाय, बैल, घोडा यांच्या पडद्याच्या मागे आणखी एक चकचकीत थर असतो. त्यावरून उजेड उलटा फिरतो. म्हणजे जाताना ज्याच्या पानात जिलबी पडली नाही, त्याला वाढपी परत येताना वाढतो. आपल्याला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याच्या उजेडात मांजराचं काम भागतं, त्याचं हेही एक कारण. दोन्ही फेऱ्यांत उरलेला उजेड बाहुलीतून बाहेर पडतो, तीच ही चमक. या थराला लॅटिनमध्ये टॅपेटम ल्युसिडम म्हणतात, म्हणजे चमकता गालिचा म्हण ना. आपल्याकडे तो गालिचा नाही. पडद्यामागे रक्तानं भरलेला थर आहे, म्हणून आपण फोटोत लाल डोळ्यांचे राक्षस दिसतो. डुकराकडेही नाही आणि माकडाकडेही नाही. आपल्या नाल्याकाठच्या डुकरांवर बाबांनी रात्री कितीही टॉर्च मारला तरी त्यांचे डोळे चमकणार नाहीत, ते याचमुळे. पलीकडच्या घरात एक निळ्या डोळ्यांची सयामी मांजर आहे, तिचे मात्र फोटोत आपल्यासारखे लाल येतात. त्या मांजरांच्या जातीतच रंगाची कमतरता, ती अशी डोळ्यांतही उतरते.

हे लिहिताना मला आपला पोळ्याचा फोटो आठवला. काकांची जोडी झूल, बाशिंगं, शिंगांना बेगड लावून सजलेली, संध्याकाळी तोरणाखाली उभी. मी नवा कॅमेरा घेतला होता. फोटोत दोन्ही बैलांच्या तोंडावर कोळशाच्या ट्रकचे हेडलाइट लावल्यासारखे निळेहिरवे गोळे. काका म्हणाले, "हे बैल आहे का घुग्गुसचा टिपर?" तो फोटो त्यांनी कधी भिंतीवर लावला नाही. स्टुडिओवाल्यानं काढलेला लावला. आता कळतं, तो शहाणा होता. त्याचा दिवा छत्रीसकट एका बाजूला उभा असायचा, कॅमेरा दुसरीकडे.

सगळं इंगित त्यातच आहे. डोळ्यातला हा उजेड ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत जातो. इकडेतिकडे सांडत नाही. मोबाइलमध्ये फ्लॅश आणि कॅमेरा एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे परतलेला उजेड सरळ कॅमेऱ्याच्या पोटात. मी आणि सोनीनं प्रयोग केला. तिनं दुसऱ्या फोनचा टॉर्च घेऊन खोलीच्या कोपऱ्यात उभं राहायचं, मी या कोपऱ्यातून फ्लॅशशिवाय फोटो काढायचा. सरपंचाचे डोळे माझ्या फोटोत काळेभोर, नितळ. सोनी तिकडून ओरडली, "बाबा, मला तर दोन्ही चमकताना दिसताहेत!" एकच मांजर, एकच क्षण, एकाला भूत दिसतं, एकाला दिसत नाही.

या गावात हे सांगायला मला जरा चेवच येतो, कारण मांजराच्या डोळ्यावर पैसा कमावलेला माणूस इथलाच. पर्सी शॉ त्याचं नाव, जन्म 1890. रस्त्यांची कामं करायचा. सांगतात की एका धुकट रात्री उतारावरून गाडीनं येताना कुंपणावरच्या मांजराचे डोळे चमकले, म्हणून तो कड्यावरून जाता जाता वाचला. दुसऱ्या वेळी त्यानंच सांगितलं होतं की ट्रामचे रूळ दिव्यांत चमकायचे, ते उखडल्यावर वाट दिसेना. मांजराची गोष्ट बरी वाटते, म्हणून गावानं तीच धरली आहे. 1934 मध्ये त्यानं पेटंट घेतलं: रस्त्याच्या मधोमध लोखंडी खोबणीत रबर, रबरात काचेचे डोळे. चाक वरून गेलं की रबर दबतं आणि आत साठलेल्या पावसाच्या पाण्यानं काच पुसली जाते. म्हणजे डोळा मिचकावतो! दुसऱ्या महायुद्धात दिवे झाकायचा हुकूम निघाला, तेव्हा या डोळ्यांचं मोल सरकारला कळलं. वणी-वरोरा रस्त्यावर रात्री जे चमकतं ते याचंच भाचरू. उत्तरायुष्यात पर्सीबुवा श्रीमंत झाले तरी घराला पडदे नव्हते आणि टीव्ही मात्र तीन-चार एकदम चालू, आवाज बंद करून. ते मांजर त्याच्याकडे पाठ करून बसलं असतं तर त्यानं पेन्सिलीला टोक करायचं यंत्र काढलं असतं, असा इथला एक जुना विनोद आहे. हे वाक्य बाबांनी आजीसमोर वाचू नये. (वाचलंच असेल.)

तर उपाय. पहिला आणि खरा म्हणजे फ्लॅश टाकूच नये. खिडकीशी बसवावं, दिवसा काढावा. संक्रांतीला इथं दिवस असतो कुठे, हा भाग सोडा. घरातले सगळे दिवे लावले तर मांजराची बाहुली आवळते आणि चमक बाहेर पडायला दार लहान होतं. मांजरानं थेट कॅमेऱ्यात पाहू नये म्हणून सोनी बाजूला झाडूची काडी हलवते. मोठा फ्लॅश असेल तर तो छतावर मारायचा. फ्लॅशच्या आधी दिवा लुकलुकवून बाहुली लहान करायची युक्ती माणसांसाठी ठीक. सरपंच पहिल्या लुकलुकीलाच उठून जातो आणि खऱ्या फ्लॅशला त्याचं शेपूट सापडतं.

काढून झालेल्या फोटोचं दुखणं अवघड. लाल डोळ्यात निदान खाली काहीतरी शिल्लक असतं. हिरवी चमक इतकी भडक असते की तिथं फोटोत नुसता कोरा पांढरा चट्टा. परत आणायला आत काही नसतंच. काही प्रोग्रॅममध्ये पाळीव प्राण्यांसाठी वेगळी सोय आहे, पण मी हातानंच केलं. वर एक नवा थर घेतला, कडा मऊ असलेला कुंचला घेतला, आणि बाहुली रंगवली. पुरती काळी करायची नाही, जरा करडेपणा ठेवायचा, नाही तर डोळा शर्टाच्या बटणासारखा दिसतो. पहिल्यांदा मी ती उभी फटीसारखी काढली, कॅलेंडरवरच्या मांजरासारखी. सोनी म्हणाली, अंधारात गोल असते. गोल केली. भोवती दिसेल न दिसेल एवढी पिवळी कड दुपारच्या एका फोटोतून उसनी आणली. तीन रात्री गेल्या. सून म्हणाली, माझा पासपोर्टचा फोटो एवढ्या मायेनं कधी काढला होता का?

एक गोष्ट मात्र चेष्टेची नाही. ताईला सांग, बाळाच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसऱ्यात वारंवार पांढरी चमक दिसली, तर ती पुसत बसू नये. तडक डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं. आपल्या बाळाचे दोन्ही लाल आहेत, मी सगळे फोटो पाहिले. उगाच घाबरू नका.

परवा फोनवर बाबा सहज म्हणाले, की लहानपणी रात्री कंदील घेऊन गेलं की गोठ्यातले बैल दिसायचे नाहीत, पण टॉर्च आल्यावर दुरूनच डोळे मोजून जोड्या पुऱ्या आहेत की नाही कळायचं. हेच की! कंदील गुडघ्याशी, टॉर्च डोळ्याशी. मी तीन रात्री जागून जे शिकलो ते यांना साठ वर्षांपूर्वी फुकट मिळालं होतं. बाबा, एकदा काकांच्या गोठ्यात टॉर्च कपाळाशी धरून आणि मग कमरेशी धरून पाहा, आणि काय दिसलं ते कळवा.

सोबत फोटो छापून पाठवले आहेत. कुंकू लाल केलं आहे. मांजराचे डोळे अगदी खऱ्यासारखे काळे झाले, आणि त्यामुळे पंचाईत अशी की आता मांजरच दिसत नाही. काळ्या साडीवर काळं मांजर, काळे डोळे. सून नुसतीच हात अधांतरी ठेवून बसल्यासारखी दिसते. म्हणून मी दोन्ही बाहुल्यांत एकेक पांढरा ठिपका टाकला, डोळा जिवंत वाटावा म्हणून टाकतात तसा. आजीनं ते ठिपके नखानं खरवडू नयेत. हलव्याचे दाणे सांडलेले नाहीत, आमचा सरपंच आहे तो.

तुझा,
बाळू

ता. क. मूळचा हिरव्या दिव्यांचा फोटो पुसू नका. मांजर दिसतं असा तो एकच आहे.