दीडशे टक्के माणूस

ऑफिसातल्या प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरचा अ‍ॅडमिन मी. म्हणजे कुणी काय बघायचं आणि कुणी कशाला हात लावायचा नाही, हे ठरवणारा. आमच्या घरात हा अधिकार आजीकडे होता, फडताळाच्या किल्ल्यांसकट. फरक एवढाच, की आजीकडे रोज सकाळी कुणी पासवर्ड विसरून येत नसे.

लायसन्सचे पैसे माणशी पडतात, आणि ते कंपनीला खुपतात. म्हणून अख्ख्या टेस्टिंग टीमला मिळून एकच खातं: ‘टेस्टर१’. दिवसपाळीला तोच, रात्रपाळीलाही तोच. स्वतः नोंदवलेला बग स्वतःच बंद करतो आणि तासाभरात स्वतःवरच चिडून पुन्हा उघडतो. तिमाही आढाव्यात सगळ्यात जास्त काम त्याच्याच नावावर निघालं. वरच्या साहेबांनी काळजीने विचारलं, “हा मुलगा सोडून तर जाणार नाही ना?”

सोडून जाणाऱ्यांचं खातं उडवत नाहीत, नुसतं बंद करून ठेवतात. नाहीतर जुन्या कामांचा माग राहत नाही. त्यामुळे कॅनडात स्थायिक झालेला एक गृहस्थ अजून आमच्या काही तिकिटांचा मालक आहे. रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये त्याचं नाव आलं की कुणीतरी “बघतो” म्हणतं.

पण खरी मौज मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या सॉफ्टवेअरच्या सामायिक रिसोर्स पूलमध्ये. माणसांची यादी एकच, तिच्यातून सगळ्या प्रोजेक्टांनी उचलायचं. आमच्याकडे डेटाबेसवाला एकच. तिघा मॅनेजरांनी तो प्रत्येकी पन्नास टक्के उचलला. बेरीज दीडशे झाली आणि त्याचं नाव लाल झालं. सॉफ्टवेअर माणसाचा दिवस आठ तासांचा धरतं. ऑफिसात असं मानणारं तेवढं एकच.

यावर लेव्हलिंगचा उपाय आहे. जादा कामं सॉफ्टवेअर पुढे ढकलतं, कुठली ते प्राधान्य बघून. प्राधान्य शून्य ते १०००, आणि १००० असलेल्या कामाला ते हातच लावत नाही. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. तरी संध्याकाळपर्यंत तिन्ही प्रोजेक्टांतलं झाडून सगळं काम १०००वर गेलं, डेमोच्या दिवशी समोसे सांगण्यासकट.

मग मीटिंग. डेटाबेसवाला आला नाही, त्याला काम होतं.

“लाल बरं दिसत नाही हो, क्लायंट बघतो,” एक साहेब म्हणाले. मी समजावलं, की रिसोर्स तीन जातींचे: राबणारे, माल आणि खर्च. तासांचा हिशेब फक्त राबणाऱ्यांना. सिमेंटला मर्यादा नसते, म्हणून माल कधी लाल होत नाही.

साहेबांचा चेहरा उजळला. “मग त्याला मालात टाका ना!”

टाकला. मालापुढे एकक लिहायचा एक रकाना असतो. त्यावर बराच खल झाला. किलो कुणालाच पटलं नाही. शेवटी ‘नग’ लिहिलं. त्यावर मात्र तिन्ही मॅनेजरांचं पहिल्यांदाच एकमत झालं.