लाडकी बहीण, नावडती माय

आमच्या खानदेशात निम्म्या म्हाताऱ्यांचा आधार कार्डावरचा वाढदिवस 1 जानेवारी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला दुसरी कोणती तारीख चिकटवणार? तर अशाच एका 1 जानेवारीला शिंदखेड्याकडची एखादी बाई पासष्टी ओलांडते आणि रातोरात सरकारशी तिचं नातंच बदलतं.

कालपर्यंत ती लाडकी बहीण होती. महिना 1,500 रुपये, आणि घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं की झालं. आज ती माय झाली. मायसाठी श्रावणबाळ योजना, गावच्या भाषेत ‘निराधारचा पगार’. पैसे तेच, 1,500. फक्त दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर घरचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत हवं.

म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. कापूस वेचणारी बाई एवढे दुपारच्या भाकरीआधीच कमावते. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी 312 रुपये. घरातल्या एकानं 68 दिवस माती उपसली की मर्यादा ओलांडली! एक योजना त्याहून जास्त दिवस कामाची हमी देणार, दुसरी अडुसष्टाव्या दिवशी अपात्र ठरवणार. मग उत्पन्न दाखल्यात ‘बसवावं’ लागतं. खरं बोलून गरीब ठरायची सोयच नाही.

ब्रिटननं म्हाताऱ्यांना पहिली सरकारी पेन्शन वाटली तीही 1 जानेवारीलाच, 1909 साली. वय सत्तर, आठवड्याला पाच शिलिंग. उत्पन्नाची अट तिथंही होती. वर धट्टाकट्टा असून कायम काम टाळत आला असेल, तर नाव बाद. आपण प्रगती केली. इथं कामाला गेलेल्याचं घर बाद.

दिल्लीच्या म्हातारपणाच्या पेन्शनचं काय? 15 ऑगस्ट 1995 ला 75 रुपयांवर सुरुवात झाली. ऐंशीच्या आतल्यांसाठी तो वाटा आज 200 वर बसलाय, आणि तिथून उठायचं नाव नाही.

पुराणातल्या श्रावणानं कावड उचलण्याआधी आईबापांकडे उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता. सरकारला एवढं जमणार नसेल तर निदान अट एकच ठेवावी: बहिणीला अडीच लाख, तर मायलाही अडीच लाख.

तोवर मावशे, तुला एकच सल्ला. होईल तेवढे दिवस चौसष्टीतच राहा.